मामासाहेबांचा पक्ष आणि इक्बालभाईंची पळी

कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्या माणसांकडे सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. लग्नात कुणी विचारतं, ‘तुम्ही काय करता?’ मी सांगतो, आणि समोरचा चाटच्या स्टॉलकडे बघायला लागतो! पण खरं सांगू का, आमच्या ऑफिसात किस्से नुसते साचतात. कायद्यात एखादं कलम विचित्र दिसलं ना, की समजायचं, कुणाची तरी फजिती झाली होती. कलम पुस्तकात जातं आणि फजिती आमच्याकडे उरते.

आमचं ऑफिस गुरुग्रामला. काम म्हणजे छोट्या देशांना कायदे लिहून द्यायचे. बॉस शिरीन मुजावर मॅडम, मूळच्या मिरजेच्या. उभी हयात दिल्लीत सरकारी कायदे लिहिण्यात गेली, रिटायर झाल्यावर इकडे आल्या. त्या राहतात मयूर विहारला, मीही तिथलाच. त्यामुळे सकाळी मेट्रोत शेजारी बसून त्या माझे मसुदे तपासतात, आणि ‘पाटणकर, हे काय लिहिलंय?’ हे वाक्य आमच्या डब्यातल्या अर्ध्या लोकांना आता पाठ झालंय.

तर मागे आमच्याकडे एका बेटांच्या राज्याचं काम आलं. देशाचं नाव सांगत नाही. करारात तसं कलम आहे आणि ते मीच लिहिलंय! नकाशात शोधायला गेलात तर बोटाखाली झाकला जाईल एवढासा देश. तिथे राजा आहे, आणि लोकांचा अगदी लाडका आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकही राजकीय पक्ष नव्हता, कुणाचं काही अडलंही नव्हतं. एक दिवस राजानंच जाहीर केलं, की आता निवडणुका होणार, चला, पक्ष काढा! आता पक्ष कोण काढू शकतो, कोण नाही, नोंदणी कशी करायची, पक्षात कारभार कसा चालायचा, हा सगळा कायदा आम्ही लिहायचा होता.

मी घरी आईला कौतुकानं सांगितलं.

आई म्हणाली, “म्हणजे ते लोक सुखात आहेत?”

“हो.”

“भांडत नाहीत?”

“फारसे नाहीत.”

“मग तुम्ही का रे त्यांच्या वाइटावर उठलायत?”

*

त्या राज्यानं आमच्याकडे सहा-आठ महिन्यांसाठी एक अधिकारी पाठवला. लेमासाहेब. हेच तिथले पहिले पक्ष-निबंधक होणार होते, म्हणजे कुठला पक्ष नोंदवायचा आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरवणारे. देह असा, की आमच्या लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर एकच माणूस मावायचा. आवाज मात्र अगदी मऊ. बोलणं इंग्रजीतून चालायचं, पण माणूस इतका गोड, की मला ते सगळं मराठीतच आठवतं.

पहिल्या मसुद्यात मी एक कलम टाकलं. पक्षाची नोंदणी हवी असेल तर राज्याच्या प्रत्येक बेटावर पक्षाचा निदान एक तरी सभासद हवा. म्हणजे सगळ्या देशाचा पक्ष होईल, एकाच बेटापुरता राहणार नाही. दुसरं कलम, एका माणसानं एकाच पक्षात राहायचं. मी स्वतःवर खूश होतो.

लेमासाहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “सुंदर कलम आहे.”

दुसऱ्या दिवशीही म्हणाले, “फारच सुंदर कलम आहे.” पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की मला परदेशात डिमांड आहे.

शेवटी मॅडमना संशय आला. त्यांनी बेटांचा नकाशा मागवला आणि एकेका बेटावर किती माणसं राहतात ते विचारायला सुरुवात केली. शेवटच्या बेटावर आल्यावर लेमासाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

“इथे कोण राहतं?”

“दीपगृहाची म्हातारी.”

“आणखी?”

“तिच्या बकऱ्या.”

म्हणजे माझ्या कायद्यानं देशात एकच पक्ष होऊ शकत होता, आणि तो कुठला हे ती म्हातारी ठरवणार होती!

मॅडमनी कपाळाला हात लावला. “लेमासाहेब, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

ते खरोखरच कानकोंडे झाले. मग हळूहळू उलगडा झाला. त्यांच्याकडे कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे माणसाला घराबाहेर काढणं. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियमच झाला. लेमासाहेबांनी कलमाला सुंदर म्हटलं, की ते कलम फाडायचं.

*

एकदा राजाचा व्हिडिओ कॉल होता. स्वतः महाराज बोलणार म्हणून मी टाय घालून आलो. लॅपटॉप टेबलावर मांडला, कॅमेरा लावला, आणि बघतो तर लेमासाहेब जमिनीवर बसलेले.

त्यांच्याकडे राजापेक्षा उंच जागी कुणी बसत नाही. राजा टेबलावर, म्हणजे सगळ्यांनी टेबलाखाली! मॅडम म्हणाल्या, माझे गुडघे राजालाही घाबरत नाहीत, मी खाली बसणार नाही. यावर तोडगा एकच होता. राजाला वर न्यायचं. आम्ही लॅपटॉप फाइलींच्या कपाटावर ठेवला, कॅमेरा खाली वाकवला आणि खुर्च्यांवर बसून माना वर करून महाराजांशी बोलायला लागलो.

महाराजांनी आम्हाला वरून नीट न्याहाळलं. मग म्हणाले, “मुजावर मॅडम, तुमच्या ऑफिसात डोक्यावर केस फक्त तुम्हालाच आहेत का?”

इतका छान माणूस! सगळा मसुदा त्यांनी वाचला होता. राजाचा फोटो प्रचारात नको, राजवस्त्राचा जांभळा रंग पक्षाच्या झेंड्यात नको, वारसाबद्दल पक्षानं बोलायचं नाही, पक्षाचा अध्यक्ष सभासदांनी मत देऊन निवडायचा, सगळ्याला हो म्हणाले. एका कलमापाशी थांबले. राजघराण्यातल्या कुणालाही पक्ष काढता येणार नाही, असं ते कलम होतं.

“त्यात आईकडचे नातेवाईकही घाला,” महाराज म्हणाले. “स्पष्ट लिहा. मामासुद्धा.”

आणि लेमासाहेब खाली बघायला लागले. आम्हाला वाटलं, राजासमोर तशीच पद्धत असेल.

*

लेमासाहेबांना आम्ही गुरुग्रामच्याच एका मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेऊन दिला होता. दिल्लीनं त्या माणसाचं काय केलं असेल, याची कल्पना करा! सिग्नलवर कुणी मोबाइलचं कव्हर, टोपी, काहीही पुढे केलं, की ते घेणार. विम्यावाल्यांचा फोन आला, की अर्धा तास ऐकणार आणि मुलाबाळांची चौकशी करून मगच ठेवणार. त्यांच्याकडे टोप्या इतक्या झाल्या, की ऑफिसात आम्ही सगळे टोप्या घालून बसायला लागलो.

तेवढ्यात त्या सोसायटीची निवडणूक आली. आता तुम्हाला माहीतच आहे, इथल्या सोसायटीच्या निवडणुकीपुढे लोकसभा म्हणजे पोरखेळ. पाण्याच्या टँकरवरून दोन पॅनल उभी होती. एका पॅनलचे गुप्ताजी मिठाई घेऊन आले. “सर, आप तो अपने आदमी हैं!” लेमासाहेब म्हणाले, बिल्कुल. संध्याकाळी दुसऱ्या पॅनलच्या चावलाजी ढोकळा घेऊन आल्या. त्यांनाही म्हणाले, बिल्कुल.

दोन दिवसांनी दोन्ही पॅनलच्या पोस्टरवर लेमासाहेबांचा फोटो! एकात हात जोडलेले, दुसऱ्यात अंगठा वर. गेटवर दोन्ही पार्ट्यांची जुंपली, की हे परदेशी पाहुणे नक्की कुणाचे? यांना मतदानाचा हक्कच नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी त्यांना घेऊन ऑफिसला आलो. मॅडमनी दोन्ही पोस्टरं टेबलावर पसरली आणि आमचा मसुदा उघडला.

“एका माणसानं एकाच पक्षात राहायचं,” त्या म्हणाल्या. “लेमासाहेब, तुमच्याच कायद्याखाली तुम्ही पहिले आरोपी!”

*

कायदा पूर्ण होत आला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता हा कुणाकडून तरी मोडून बघायला हवा. एवढ्या कामाला महाराष्ट्रातल्या पोरांसारखी माणसं कुठे मिळणार? दिल्लीतल्या मुनिरक्यात आमच्या ओळखीची यूपीएससीवाली मुलं होती, उदगीरची, परभणीची, सटाण्याची. त्यांना सांगितलं, तुम्ही त्या राज्याची प्रजा. पक्ष काढा, नोंदणीला या. लेमासाहेब निबंधक.

गच्चीवरच्या खोलीत लेमासाहेब खुर्ची टाकून बसले. पोरांनी सुरुवातीला दोन पक्ष काढले. चहा येईपर्यंत त्यातल्या एकात फूट पडली. चहा संपेपर्यंत फुटलेल्या गटानं चिन्हावर दावा सांगितला आणि दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष पळवला. परभणीचा एक मुलगा कुठल्याच पक्षात नव्हता, तो ‘बाहेरून पाठिंबा’ देत जिन्यात उभा होता! जांभळा रंग नको म्हटलं होतं ना? एका पक्षाचा झेंडा वांग्याच्या रंगाचा. “सर, जांभळा कुठाय? वांगी कलर आहे,” असं त्याचं म्हणणं.

आणि लेमासाहेबांनी सगळे पक्ष नोंदवले. फुटलेले नोंदवले, न फुटलेले नोंदवले, वांगी नोंदवला. खालच्या मजल्यावरचा एक जण पाण्याची मोटर लावायला सांगायला वर आला होता, त्याचाही पक्ष नोंदवला!

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. फक्त उदगीरची वैशाली कांबळे हसत नव्हती. ही पोरगी पुढे कलेक्टर होणार, हे मी लिहून देतो. ती समोर येऊन बसली.

“सर, समजा राजाचे मामाच आले पक्ष नोंदवायला. मग काय करणार?”

लेमासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते बोटं चोळायला लागले.

“ते येणारच आहेत,” ते म्हणाले. “त्यांनी झेंडे शिवून घेतलेत.”

मग सगळं बाहेर आलं. लेमासाहेबांचे वडील नावाडी होते, समुद्रातच बुडून गेले. पोरगं राजाच्या या मामासाहेबांनी घरी नेलं, आपल्या पानाशेजारी बसवून जेवू घातलं, शिकवलं. माणूस दिलदार, पण राज्यात त्यांना आजवर कुणी अडवलेलं नाही. आपल्या लेमाच्या हातूनच पक्ष नोंदवायचा, अशी त्यांची हौस. ती पुरवली तर राजाचा कायदा पहिल्याच दिवशी मेला, मग तो पुढे कुणी पाळायचा? आणि नाही पुरवली तर ज्यानं वाढवलं त्यालाच घराबाहेर काढल्यासारखं.

जिन्यातल्या परभणीकरानं हळूच विचारलं, “सर, पाठिंबा काढून घेऊ का?”

*

दुसऱ्या दिवशी मेट्रोत मॅडमनी माझ्या मसुद्यावर एक रेघसुद्धा मारली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

अडचण करणारं कलम त्यांचंच होतं. अर्ज घेऊन येणाऱ्यानं स्वतः यायचं, निबंधकानं स्वतः भेटायचं आणि निकाल तिथेच समोरासमोर द्यायचा. मागच्या दारानं काही होऊ नये म्हणून त्यांनी ते मुद्दाम लिहिलं होतं, राजालाही ते फार आवडलं होतं.

ऑफिसात आल्या आल्या त्यांनी लेमासाहेबांना बोलावलं. “मी हे कलम बदलते. तुमच्याऐवजी समिती नेमू. समिती पत्र पाठवेल. तुम्हाला कुणाच्या तोंडावर काही बोलावं लागणार नाही.”

लेमासाहेबांनी नवा मसुदा वाचला. पुन्हा वाचला. मग मॅडमकडे बघून म्हणाले, “सुंदर कलम आहे.”

मॅडमनी तो कागद फाडला. मी त्या बाईंना इतकी वर्षं ओळखतो, पण डोळे पुसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

आता इक्बालभाई. मॅडमचे मिस्टर, रिटायर्ड बँकवाले. बँकेत लोकांना कर्ज नाकारण्यात जन्म गेला, आणि घरी मात्र पाहुण्याला काही नाकारू देत नाहीत. रविवारी मटणाचा रस्सा ते स्वतः करतात आणि स्वतः वाढतात. मयूर विहारमधला कुठलाही मराठी माणूस त्यांच्याकडून आपल्या पायांनी सरळ चालत बाहेर पडलेला नाही.

त्या रविवारी लेमासाहेब जेवायला आले होते. तोवर त्यांना मराठीचे चार शब्द यायला लागले होते, ‘हो’, ‘चालेल’, ‘वाढा’ आणि ‘अजून’. नकाराचा एकही उचलला नव्हता. त्यामुळे त्यांच्या ताटाचं काय झालं असेल ते सांगायला नको. शेजारी मी होतो. मी म्हणालो, “नको.” इक्बालभाईंनी वाढलं. मी म्हणालो, “खरंच नको, भाई.” त्यांनी वाढलं. मग मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. इक्बालभाईंची पळी वरच्यावर थांबली.

लेमासाहेबांचा घास हातात राहिला. “हे काय केलंत?”

मी समजावलं, की आमच्याकडे पहिला नको धरत नाहीत. दुसरा तर नुसता शिष्टाचार. तोंडानं काही म्हणा, वाढणारा वाढणारच. पण हात आडवा धरला, की समजायचं, झालं.

“आणि वाढणाऱ्याला राग येत नाही?”

“राग कसला? उलट पोटभर जेवला म्हणून बरं वाटतं.”

लेमासाहेब माझ्या हातांकडे बघत राहिले. मग इक्बालभाईंना म्हणाले, “मला शिकवाल?”

झालं! पुढचे सगळे रविवार तीच शिकवणी. इक्बालभाई म्हणजे मामासाहेब. पहिल्या खेपेला इक्बालभाई नुसते म्हणाले, “काय लेमासाहेब, आमच्या घरचं गोड लागेना का?” लगेच हात बाजूला! पुढच्या खेपेला हात टिकले, तर यांनी दोन बोटांच्या फटीतून फोड सोडली. मग “माझी शपथ आहे” झालं, “मी पण जेवणार नाही” झालं. दर वेळी लेमासाहेबांचे डोळे भरून यायचे आणि हात निघायचे. मॅडम शेजारून ओरडायच्या, “नापास!”

ते परत जाणार त्याच्या आदल्या रविवारी इक्बालभाई इरेला पेटले. एक पळी, दुसरी पळी, शपथा, रुसवे, सगळं झालं. हात ताटावर तसेच. भाई आणखी पुढे वाकले आणि पळी कलंडली. उकळता रस्सा लेमासाहेबांच्या बोटांवर!

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. लेमासाहेबांनी हात काढले नाहीत. इक्बालभाईच घाबरे झाले, पळत जाऊन थंड पाणी आणलं, बोटांना लावलं, फुंकर घातली, स्वतःला शिव्या दिल्या.

“पास,” मॅडम हळूच म्हणाल्या.

नंतर भाई मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाटणकर, मी शपथा घालूनही पळी परत गेली, असं आमच्या घरात आज पहिल्यांदा झालं बघ.” वाईट वाटलं होतं त्यांना, आणि अभिमानही वाटत होता.

*

लेमासाहेब गेले. कायदा झाला. आमच्याकडे दुसऱ्या देशाची कामं आली. टोप्या अजून ऑफिसात आहेत.

परवाच्या रविवारी मी मॅडमकडे जेवायला होतो. पानं वाढून झाली होती, इक्बालभाई पळी घेऊन माझ्यावर धावून येत होते, आणि फोन वाजला. लेमासाहेब! मॅडमनी स्पीकरवर टाकला.

“मॅडम, आज नोंदणी सुरू झाली. मामासाहेब पहिले आले.”

मी घास खाली ठेवला.

मामासाहेब ढोल लावून आले होते. मागे सगळं गाव, झेंडे, हार. लेमासाहेब रिवाजाप्रमाणे खाली जमिनीवर बसले, मामासाहेब वर. मधे बुटकं टेबल. मामासाहेबांनी अर्ज पुढे केला. लेमासाहेबांनी मान खाली घातली आणि दोन्ही हात टेबलावर आडवे धरले.

“मग?” मॅडमनी फोन जवळ ओढला.

मामासाहेबांना आधी काही कळलंच नाही. त्यांनी पुन्हा अर्ज पुढे केला. मग लाडानं हाक मारली, लहानपणीच्या नावानं. मग म्हणाले, माझ्या पानाशेजारी जेवलास ना रे? ढोल थांबले. मग त्यांनी लेमासाहेबांच्या आईची शपथ घातली.

आणि फोनवर खरखर सुरू झाली. आवाज तुटला. मॅडमनी फोन कानाला लावला, हलवला, पुन्हा टेबलावर ठेवला. “हॅलो? लेमासाहेब? हॅलो?”

इक्बालभाईंना धीर धरवेना. भरलेली पळी हातात तशीच धरून ते फोनवर वाकले आणि ओरडले, “अहो, हात काढलात का?”

खरखर थांबली. समुद्रापलीकडून अगदी मऊ आवाजात, स्वच्छ मराठीत उत्तर आलं.

“नाही.”